चकाकीचा हट्ट

जुलै लागला की चर्लापल्लीत लाकूड-प्लास्टिकच्या पट्ट्या काढणाऱ्या आमच्या एक्स्ट्रूडरचा आवाज बदलतो. दमट भुसा बॅरलमध्ये वाफ सोडतो आणि डायमधून पट्टी फुसफुसत, फुगत बाहेर येते. चिमटीत भुकटी दाबून ऑपरेटर म्हणतो, ''गीला है साब, अभी नक्को डालो.'' हवेतला भुसा आठ-दहा टक्के पाणी सहज धरतो; आम्हाला तो एक टक्क्याच्या आत हवा. त्याला ड्रायरच लागतो, कुठलंही रसायन तिथं कामाचं नाही. भुसा ज्यात मिसळतो ते पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे पीपी, 165 अंशांच्या आसपास वितळतं आणि 200च्या पुढे लाकूड करपू लागतं. त्या दोन आकड्यांच्या मध्येच सगळं उरकायचं.

लाकडाला पाण्याची ओढ, पीपीला वावडं. म्हणून दोन-चार टक्के एमएपीपी घालतो, म्हणजे मॅलेइक अनहायड्राइड जोडलेलं पीपी. त्याचा अनहायड्राइड गट लाकडातल्या हायड्रॉक्सिलशी बंध बांधतो, लांब शेपूट पीपीच्या साखळ्यांत गुंततं. पट्टी मोडून कड भिंगाखाली धरा. एमएपीपी नसेल तर तंतू सुळकन निसटून मागे गुळगुळीत भोकं राहिलेली दिसतात. असेल तर तंतू जागेवरच तुटलेले. टेन्साइलचा आकडा यायच्या आधी मला ती कडच सगळं सांगते.

खरी कटकट चकाकीची. ग्राहकाला पट्टी गुळगुळीत हवी, आणि झिंक स्टिअरेट त्यासाठी स्वस्त, हाताशी असलेलं. पण ते एमएपीपीच्या मॅलेइक गटांशीच जाऊन भिडतं आणि लाकडाच्या वाट्याला येणारा बंध कमी करतं. पट्टी दिसते देखणी, ताकद मात्र घसरते. दोन्ही पुडे एकाच बॅचमध्ये घालणं म्हणजे एका हातानं विणून दुसऱ्यानं उसवणं. त्यापेक्षा धातू नसलेलं, एस्टर जातीचं वंगण बरं. ते महाग पडतं, खरेदी खात्याशी वाद होतो. तो मी घालतोच.

तसं लाकडाच्या भुकटीचं प्लास्टिकशी हे नातं नवं नाही. बेकलंडनं 1907मध्ये बेकेलाइट हे प्लास्टिक बनवलं, तेही भुकटी घालूनच टणक आणि कमी ठिसूळ झालं. काचीगुड्यातल्या जुन्या वाड्यांमधली विजेची काळी बटणं त्याचीच.

आमच्या पट्टीत मात्र भुसा वाढला की ताठपणा वाढतो, धक्का सोसण्याची ताकद उतरते. एमएपीपीनंही ती पुरती भरून येत नाही. म्हणून सुताराला सांगतो, स्क्रू थेट पिळू नका; आधी ड्रिलनं भोक पाडा, आणि कडेपासून जरा आत.