खाडा

आमच्या घरी स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय लटकत असे. जयंतराव साळगावकरांनी ते १९७३ साली सुरू केलं आणि बघता बघता मराठी घरांच्या भिंतींवर ते कायमचंच झालं. तिथी, एकादश्या, संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ छापलेली असायची. उरलेल्या जागेत आई पेन्सिलीने लिही: अर्धा लिटर जादा, सिलिंडर लावला, आणि दूध आलं नाही त्या दिवशी ‘खाडा’. महिनाअखेरीला खाडे वजा करून पैसे चुकते व्हायचे. खाडा पडला म्हणून कुणी दुधाचा रतीब बंद केला नाही.

आजीचं वर्ष जानेवारीत बदलत नसे. ती आषाढी एकादशीला नेम धरी: चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं बंद. त्याआधी कांदेनवमीला घरभर भज्यांचा वास. कार्तिकीनंतर नेम सुटला की कांदा पुन्हा ताटात यायचा. नेमाला आरंभ होता, शेवट होता आणि सगळं घर सोबतीला होतं. ‘आजपासून आयुष्यभर’ अशी भाषा आजीच्या तोंडी कधी आली नाही. नव्या वर्षाचे आपले संकल्प याच ठिकाणी कोलमडतात, असं मला वाटतं.

बाबांना तंबाखूची सवय होती. डॉक्टरांनी तोंडातला पांढरा चट्टा दाखवला, त्या वर्षी एक जानेवारीला त्यांनी चुन्याची डबी टाकून दिली. जेवण झालं की हात आपोआप खिशाकडे जायचा, म्हणून आई बरोबर त्याच वेळी बडीशेपेची वाटी पुढे करी. तंबाखूविना गेलेला दिवस ती कालनिर्णयच्या चौकटीत टिंबाने नोंदवायची. एका लग्नघरी बाबांनी मित्राकडून चिमूटभर घेतली. घरी येऊन खाली मान घालून सांगितलं. आई काही बोलली नाही. दुधाच्या हिशेबाखाली तिने लिहिलं, ‘खाडा’. दुसऱ्या दिवशी पुन्हा टिंब. असे खाडे त्या वर्षी बरेच पडले, पुढच्या वर्षी मोजके, नंतर नाहीच.

पुष्कळ वर्षांनी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा अभ्यास वाचला. ९६ जणांनी बारा आठवडे एकेक नवी सवय लावून पाहिली, तीही रोजच्या ठरलेल्या गोष्टीला जोडून, न्याहारीनंतर वगैरे. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले; कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. हा अभ्यास सवय लावण्याचा, सोडण्याचा नव्हे. सोडणं त्याहून कठीण. तरी वाचताना आईची पेन्सिल डोळ्यांपुढे आली आणि ऊर भरून आला.

माझं सकाळचं चालणंही असंच टिकलं आहे, चहाला जोडलेलं. चहाचं आधण ठेवण्याआधी टेकडीपर्यंत जाऊन यायचं. पावसाळ्यात खाडे पडतात, ते मी लिहून ठेवते.

माझी लेक मोबाइलमधल्या अॅपवर सवयी मोजायची. एक दिवस चुकला की आकडा शून्यावर, आणि त्या शून्याने ती पार खचायची. हे मला क्रूर वाटतं. महिनाभराची मेहनत एका दिवसाने कशी पुसली जाईल? यंदा तिने गोड सोडायचं ठरवलंय, पण एक जानेवारीपासून नाही. संक्रांतीला तिळगूळ खाऊन दुसऱ्या दिवशी सुरुवात, गुढीपाडव्याला श्रीखंडाने शेवट. पुढचं पाडव्यानंतर ठरवू, म्हणाली. कालनिर्णय तिने स्वतःच आणलंय, पेन्सिलही दोऱ्याने बांधून ठेवलीय.