पुरुषांच्या स्नानातील उपेक्षित शौच

आपल्या प्राचीन धर्मशास्त्रकारांनी शौचाचा विचार करताना देहाचे एकही द्वार वगळलेले नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मृत्तिकेने करावयाच्या शुद्धीचे प्रमाण अवयवागणिक सांगितले आहे आणि त्यात लिंगासाठी मृत्तिकेचा एक भाग निःसंदिग्धपणे नेमून दिला आहे. ज्या समाजाच्या ग्रंथांना हा उच्चार करताना संकोच वाटला नाही, त्याच समाजातील बाप आज आपल्या वयात आलेल्या मुलाला शेताच्या बांधापासून बँकेच्या खात्यापर्यंत सगळा व्यवहार समजावून सांगतो, परंतु शिश्नाच्या पुढच्या कातडीखाली रोज पाणी घालावयाचे असते, एवढे एक वाक्य मात्र त्याच्या तोंडून आयुष्यभर निघत नाही. मूत्ररोगांचा शल्यचिकित्सक म्हणून धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत माझी उमेदीची सारी वर्षे गेली, आणि या काळात माझ्यासमोर येऊन बसलेल्या पुरुषांपैकी किती तरी जणांची व्याधी रोगजंतूंमुळे कमी आणि या मौनामुळे अधिक वाढलेली होती, हे मला खेदाने नमूद करावे लागते. ‘सांगाले लाज वाटस, डाक्टरसाहेब,’ या प्रस्तावनेनंतर जी हकीकत बाहेर पडते, ती बहुधा कित्येक महिन्यांची जुनी असते.

सुंता करावी की करू नये, या वादात मला येथे शिरावयाचे नाही. तो ज्याच्या त्याच्या धर्माचा आणि क्वचित वैद्यकीय गरजेचा प्रश्न आहे. आपल्याकडील बहुसंख्य पुरुष सुंता न झालेले आहेत, आणि त्यांना निसर्गाने दिलेली ही अग्रत्वचा नीट ठेवणे हे अतिशय साधे काम आहे. ही त्वचा दुपदरी असते. तिचा आतला पदर ओठाच्या आतील भागाप्रमाणे नाजूक व ओलसर असून, त्या पदराच्या आणि शिश्नमुंडाच्या मधल्या जागेत झडलेल्या पेशी व स्निग्ध स्राव मिळून एक पांढरट, लोण्यासारखा मळ साचतो. हा मळ म्हणजे पू नव्हे, रोग नव्हे, आणि ज्याच्या भीतीने आमच्याकडील तरुण पोरे वैदूंच्या तंबूंपर्यंत पायपीट करतात तो ‘धातू जाणे’ हा प्रकारही नव्हे. तो रोजच्या रोज पाण्याने निघून जातो. न निघाल्यास कुजतो, दुर्गंध सुटतो, त्वचा लाल होते, खाज सुटते, आणि खाजवल्याने जखम होऊन दुखणे पुढे सरकते.

ही सगळी स्वच्छता मोठ्या माणसाची. तान्ह्या मुलाच्या बाबतीत न्याय निराळा आहे, आणि आमच्या भागात सर्वांत अधिक अन्याय होतो तो याच वयात. नवजात मुलाची अग्रत्वचा बहुधा शिश्नमुंडाला चिकटलेलीच असते. नख जसे आपल्या खालच्या मांसाला घट्ट धरून असते तसाच हा संबंध असून, तो आपोआप, हळूहळू, कित्येक वर्षांत सुटत जातो. डग्लस गेर्डनर या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने १९४९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलेल्या निबंधात, जन्मतः ही त्वचा पूर्णपणे मागे जाऊ शकणारी मुले शंभरात जेमतेम चार असतात, असे दाखवून दिले. आणि १९६८ साली याकोब ओस्टर या डॅनिश वैद्याने शाळकरी मुलांची वर्षानुवर्षे तपासणी करून, वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास त्वचा अद्याप घट्टच राहिलेला मुलगा शंभरात सुमारे एकच उरतो, हे सिद्ध केले. मधल्या काळात काहीही करावयाचे नसते, हाच या दोन्ही संशोधनांचा अर्थ. तथापि बाळंतघरी मालिश करून न्हाऊ घालणारी बाई, किंवा तिच्या सांगण्यावरून आजी, रोज तेलाचे बोट लावून ती कातडी मागे ओढते, आणि ओढली नाही तर पुढे लग्नात अडचण येईल अशी आईला भीतीही घालते. या ओढाताणीने सूक्ष्म चिरा पडतात, त्या भरताना वण होऊन कडा आखडते, आणि जी त्वचा काही वर्षांनी आपण होऊन मोकळी झाली असती ती कायमची घट्ट होऊन बसते. त्या बायांच्या हातांत ममता असते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु या एका बाबतीत त्यांना स्पष्ट मनाई करावी, अशी माझी प्रत्येक आईला विनंती आहे.

ही गोष्ट पाश्चात्त्यांकडून शिकावी लागावी, हेच मुळात आश्चर्य आहे. सुश्रुताने निदानस्थानाच्या तेराव्या अध्यायात क्षुद्ररोगांची गणना करताना अग्रत्वचेचे तीन विकार नावानिशी सांगितले आहेत: परिवर्तिका, अवपाटिका आणि निरुद्धप्रकश. बळाने त्वचा उलटविल्याने ती फाटते तेव्हा अवपाटिका होते, असे तेथे कारणासह दिले आहे. आणि निरुद्धप्रकशात, म्हणजे त्वचेचे मुख आवळून मूत्राची धार बारीक होते तेव्हा, तुपाने माखलेली लोहाची, लाकडाची किंवा लाखेची नळी घालून ती दर तीन दिवसांनी किंचित जाड करीत न्यावी, असा संयमाचा उपाय चिकित्सास्थानात सांगितला आहे. घाई करू नये, हे तत्त्व जुनेच आहे. आज नळीऐवजी आम्ही बीटामेथासोनासारखे सौम्य मात्रेचे मलम काही आठवडे लावावयास देतो आणि पुष्कळ मुलांची शस्त्रक्रिया टळते. मात्र ते मलम वैद्याच्या देखरेखीखाली, ठरल्या मुदतीपुरतेच. लघवी करताना कातडीचा क्षणभर फुगा होतो म्हणून घाबरून येणारे आईबाप पुष्कळ असतात. मूल रडत नसेल, धार सरळ येत असेल, ताप नसेल, तर तो फुगा वाढीचाच एक टप्पा समजावा. लहान मुलाला बाहेरून साध्या पाण्याने धुणे एवढेच पुरे.

मुलगा वयात येऊ लागला आणि त्वचा आपणहून सैल झाली, म्हणजे बापाने, नाहीतर काकाने किंवा मोठ्या भावाने, त्याला काय करावे ते केवळ तोंडाने सांगावे. शिकवणी शब्दांचीच, पुढचे काम त्याचे त्याने स्नानघरात करावयाचे. दिवसातून एकदा, स्नानाच्या वेळी, त्वचा जितकी दुखल्याशिवाय मागे जाईल तितकीच न्यावी, कोमट किंवा साध्या पाण्याने मळ धुऊन काढावा, मऊ कापडाने ओल टिपावी, आणि त्वचा आठवणीने पुन्हा पुढे आणावी. आठवणीने म्हणतो, कारण मागे राहिलेली त्वचा शिश्नमुंडाच्या मुळाशी आवळली जाऊन सूज चढते आणि रक्ताभिसरण अडते. हीच सुश्रुताची परिवर्तिका होय. इस्पितळात लघवीसाठी नळी घातल्यानंतर त्वचा पुढे आणावयाची राहून गेल्याने वृद्ध रोग्यांत ती अनेकदा उद्भवते. घरात अंथरुणाला खिळलेले वडील किंवा आजोबा असतील, तर नळीची देखभाल करणाऱ्याने रोज एवढी एक गोष्ट पाहावीच. सूज दिसल्यास सकाळची वाट न पाहता, त्याच तासाला रुग्णालय गाठावे.

एवढे साधे काम खानदेशात का होत नाही, याचा विचार केला असता मला दिसते ते असे की, आमच्या खेड्यांतील पुरुष स्नान बहुधा उघड्यावर करतो. विहिरीच्या थारोळ्यावर, शेतातल्या मोटारीच्या पाइपाखाली किंवा हापशाजवळ तो चड्डी अंगावर ठेवूनच डोक्यावर पाणी ओततो आणि ओल्या चड्डीवर टॉवेल गुंडाळून ती बदलतो. मर्यादा पाळली जाते, पण जेथे पाणी पोचावयास हवे तेथे ते पोचतच नाही. वसतिगृहांतील सामायिक न्हाणीघरांतही बहुधा हाच शिरस्ता. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या वर चढतो, आणि रावेर-यावलच्या केळीच्या बागांत किंवा जिनिंगच्या आवारात दिवसभर खपणाऱ्या माणसाच्या जांघेत घाम मुरत राहतो. त्यात नायलॉनची घट्ट चड्डी असली म्हणजे बुरशीला हवे ते सर्व मिळाले. पाण्याची टंचाई ही सबब येथे लागू पडत नाही, कारण या कामाला एक तांब्या पुरतो. आडोसा मात्र हवा. त्याचबरोबर, दोंडाईच्याच्या मिरची बाजारात मिरची हाताळणाऱ्यांना, तसेच फवारणी करणाऱ्यांना माझी एक वेगळी ताकीद आहे: त्यांनी लघवीनंतर तर हात धुवावेतच, परंतु लघवीपूर्वी अधिक काळजीने धुवावेत. मिरचीचा तिखटपणा नुसत्या पाण्याने जात नाही; आधी तेल चोळून मग साबण लावावा.

दुर्लक्ष हे एक टोक. अतिरेक हे दुसरे, आणि शहरांत आता तेच अधिक आढळते. अंगाला लावावयाचा सुगंधी साबण, जखम धुण्याचे जंतुनाशक द्रव, टाल्कम पावडर, आणि दिवाळीत तर उटणेसुद्धा त्या नाजूक पदरावर चोळणारे लोक मी पाहिले आहेत. लंडनमधील एका रुग्णालयात वारंवार दाह होणाऱ्या पुरुषांचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील बहुसंख्यांचा विकार संसर्गाचा नसून साबणाने पुनःपुन्हा धुण्यातून आलेला त्वचाक्षोभ होता. आतल्या पदराला साबणाची गरज नाही. त्याहून घातक म्हणजे मेडिकलच्या दुकानातून न विचारता आणलेले, स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेले मलम. ते चार दिवस खाज थांबविते आणि मग त्याच बुरशीला मोकळे रान देते. जांघेतील गजकर्ण आज जे कशालाच दाद देईनासे झाले आहे, त्याचे एक मोठे कारण ही मलमे होत. सरकारने २०१८ साली अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली. बंदोबस्त कागदावर आहे, दुकानाच्या काउंटरवर तो अजून पोचावयाचा आहे.

या अवयवाची एक तक्रार मी कधीच क्षुल्लक मानीत नाही. चाळिशीच्या आसपासचा गृहस्थ, आजवर कधी त्रास नसलेला, अचानक कातडीला कडेने चिरा पडल्या, आग होते, त्वचा मागे जात नाही असे सांगत आला, की मी मलमाच्या आधी रक्तातील साखर तपासतो. मधुमेहाची पहिली वर्दी कित्येकदा अशीच येते. लघवीतील साखरेवर कँडिडा नावाची बुरशी पोसली जाते. मधुमेहावर अलीकडे दिली जाणारी डापाग्लिफ्लोझिन आणि त्या वर्गातील औषधे साखर मूत्रावाटे बाहेर टाकूनच काम करतात, आणि ती स्वस्त झाल्यापासून पुष्कळांच्या गोळ्यांत आली आहेत. हृदय व मूत्रपिंड यांना त्यांचा मोठा उपकार होतो, तेव्हा खाज सुटली म्हणून ती परस्पर बंद करू नयेत. लघवीनंतर पाण्याने धुऊन कोरडे करावे आणि लिहून देणाऱ्या डॉक्टरला सांगावे.

या विषयावर मराठीत मोकळेपणाने लिहिण्याची परंपरा नव्हती असे नाही. गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालविले. अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटले झाले, आणि १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र बॅरिस्टर आंबेडकरांनी घेतले. एवढे सोसून उघडलेले दार आपण नंतर पुन्हा लोटून घेतले, ही मला आपल्या शिक्षणखात्याची आणि आम्हा वैद्यांचीही मोठी उणीव वाटते.

शेवटी जे सांगावयाचे ते कर्करोगाविषयी. शिश्नाचा कर्करोग विरळ आहे, पण घट्ट राहिलेली अग्रत्वचा, तिच्याखालचा दीर्घकाळचा दाह, तंबाखू आणि एचपीव्ही विषाणू यांच्याशी त्याचा संबंध प्रस्थापित आहे. आणि त्वचा मागे जात नसल्यामुळे गाठ आत वाढत राहते व दिसत नाही. कातडीच्या कडेला पांढरा, ताठ वण आला, दोन आठवड्यांत न भरणारी जखम झाली, आतून दुर्गंधी स्राव किंवा रक्त येऊ लागले, तर धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात केसपेपर काढून सरळ शल्यचिकित्सा विभागात जावे. तपासणी पडद्याआड होते. वेळेवर आलेल्या रोग्याचा अवयव बहुधा वाचविता येतो. लाजेपायी वर्षभर थांबलेल्याचा तो पुष्कळदा कापावा लागतो.