चिरंजीवांची गाडी

आमच्या इमारतीचा पुनर्विकास होणार असे एकदाचे ठरले, सभेत पेढे वाटून झाले, आणि दुसऱ्याच दिवशी सोसायटीच्या चिटणीसांची चिठ्ठी आली. 'पार्किंगमधील आपले ते वाहन महिनाअखेर हलवावे.' 'ते' या शब्दावर त्यांची लेखणी जरा अडखळली असणार. त्या वस्तूला काय म्हणावे हे गेल्या अकरा वर्षांत आमच्या सोसायटीत कुणालाच ठरवता आलेले नव्हते.

ती गो-कार्ट होती. लोखंडी नळ्यांचा एक सांगाडा, जमिनीपासून चार बोटे उंच. त्याला चार बुटकी चाके, एक बसकी खुर्ची, आणि खुर्चीच्या बाजूला मोडीत निघालेल्या मोटारसायकलीचे १२५ सीसीचे एंजिन. आमच्या चिरंजीवांनी आणि त्यांच्या पाच मित्रांनी इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना, २०१३ साली, ती आमच्याच पार्किंगमध्ये बांधली. कॉलेजांच्या एका स्पर्धेत ती उतरली, दोनदा तिची चेन उतरली, आणि गाडी बाद होऊन टेम्पोत निजून परत आली. तेव्हापासून ती ताडपत्रीखाली होती. तिच्या आश्रयाने मांजरांच्या किती पिढ्या वाढल्या याचा हिशेब सौ.कडे आहे.

त्या परतीच्या संध्याकाळी आमच्या दिवाणखान्यात सहाही मुलांची जुंपली. चेन सकाळी ज्याने चढवली होती त्याच्यावर सगळे तुटून पडले. तो मुलगा पाचवीपासून आमच्या घरी जेवत आलेला. बँकेच्या तपासणी खात्यात मी तीस वर्षे काढली होती. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचाच मला पगार मिळत असे. वर्तमानपत्रातून डोके वर काढून मीही माझा अभिप्राय दिला : "निष्काळजीपणा शेवटी नडतोच." त्या मुलाने चहाचा कप अर्धा तसाच खाली ठेवला आणि तो गेला. पुन्हा आमचा जिना चढला नाही. चिरंजीव पुढे जर्मनीस गेले. ताडपत्री तेवढी राहिली.

भंगारवाल्याने किलोचा भाव सांगितला. मी रात्री चिरंजीवांना फोन लावला.

"बाबा, भंगारात नका देऊ," तो म्हणाला. "चालू झाली तर कुठल्याही कॉलेजची मुलं आनंदाने नेतील."

"चालू कोण करणार?"

"तुम्ही. मी सांगतो तसं करा."

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला आधी विचारून पाहिले. तो येऊन गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाला, "साहेब, ही ना दुचाकी, ना चारचाकी. हिला मी हात लावणार नाही." तेव्हा वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी पाने, पक्कड आणि जुना पायजमा घेऊन मीच जमिनीवर बसलो. समोर उलट्या बादलीवर फोन, आणि फोनमध्ये चिरंजीव.

पहिला धडा असा की एंजिनाला तीनच गोष्टी लागतात : पेट्रोल, ठिणगी आणि दाब. यांपैकी काय नाही ते एकेक करून पाहायचे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन एकदम बदलल्या की गाडी सुरू झाली तरी कशाने झाली ते कळत नाही. हे ऐकून मी मनातल्या मनात त्याला नमस्कार केला. आमच्या खात्यात हे कुणी पाळले असते तर अर्ध्या चौकशा टळल्या असत्या.

दाब पाहणे सोपे. प्लग काढला, सिलिंडरमध्ये तेलाचे चार थेंब सोडले, भोकावर अंगठा दाबला आणि किक मारली. (किक मारायला त्या सांगाड्यात पाय असा वाकवावा लागतो की योगासनांचा वर्ग लावायला नको.) अंगठा फट्कन उडाला. दाब होता. मग प्लग टोपीत बसवून त्याचा आटा एंजिनाच्या धातूला टेकवला. या एंजिनाला ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. आतले चुंबकाचे चक्र फिरले की वीज तिथेच तयार होते. किक मारली. ठिणगी नाही. नवा प्लग आणला. तरी नाही.

"लाल बटणाची वायर सोडवून बघा," चिरंजीव म्हणाले. अपघातात एंजिन चटकन बंद करण्याचे ते बटण. दाबले की वीज सांगाड्यात उतरते आणि ठिणगी मरते. वायर सोडवली, किक मारली, आणि प्लगच्या टोकाशी निळी टिकली चमकली! उंदरांनी त्या वायरवरचे प्लास्टिक कुरतडले होते आणि आतली तांब्याची तार नळीला टेकली होती. म्हणजे ते बटण कुणीही न दाबता कित्येक वर्षे दाबलेलेच होते. मी वायर बदलली.

पेट्रोलचे प्रकरण अधिक किळसवाणे निघाले. टाकीत जे होते त्याला जुन्या वॉर्निशचा वास येत होता. कार्बोरेटरच्या वाटीत मधासारखा चिकट थर, आणि जेटचे केसाएवढे भोक ठार बुजलेले. ते सुईने टोकरायचे नाही. जेट पितळी असते, भोक मोठे झाले तर गाडी उगाच पेट्रोल पिते. विजेच्या वायरीतली तांब्याची एक तार काढून तिने साफ करायचे. एवढे करून गाडी सुरू झाली, पण चोक ओढलेला असेतोवरच. चोक सोडला की गप्प. याचा अर्थ पेट्रोल अजून पुरेसे येत नव्हते. पुन्हा उघडा, पुन्हा तार. तिसऱ्या खेपेस एंजिन स्थिर चालू लागले, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या बाई गॅस सिलिंडर फुटला असे समजून खाली आल्या.

या दिवसांत मी फावल्या वेळी गो-कार्टविषयी थोडे वाचलेही. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाच्या गृहस्थाने गवत कापायच्या यंत्रासाठी बनवलेले एंजिन नळ्यांच्या सांगाड्याला बसवले, ती पहिली गो-कार्ट. मायकेल शूमाकर चार वर्षांचा असताना त्याच्या पायगाडीला वडिलांनीच छोट्या मोटारसायकलीचे एंजिन जोडून दिले होते. ते वाचून मी चष्मा पुसला. माझ्या मुलाने अख्खी गाडी बांधली तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत होतो.

आता राहिली चेन. पहिला गियर टाकून गाडी आवाराच्या फाटकापर्यंत नेली, आणि तिथे 'कट्-कट्' असा तोच २०१३चा आवाज करून चेन उतरली. पुढच्या-मागच्या दोन्ही चक्रांचे दाते तपासले, झिजलेले नव्हते. सुतळी ताणून दोन्ही चक्रे एका रेषेत आहेत का पाहिले, रेषा सरळ. चेनला ढीलही बेताचीच. उभ्या गाडीत खोट म्हणून नव्हती.

"म्हणजे ओढ बसल्यावरच काहीतरी हलतंय," चिरंजीव म्हणाले. "गियर तसाच ठेवा, एंजिन बंद करा, आणि गाडी कुणालातरी मागे ओढायला सांगा. वरची चेन ताणते, एंजिन ओढतं तेव्हा ताणते तशीच."

सौ.ने पदर खोचला आणि गाडी मागे ओढली. मी बॅटरी घेऊन जमिनीवर आडवा. एंजिन ज्या पट्टीवर बसवले होते तिच्या वेल्डिंगच्या जोडात एक काळी रेघ होती. सौ.ने ओढले की रेघ उघडे, सोडले की मिटे, आणि उघडली की एंजिन एवढेसे तिरके होई. तेवढे पुरे होते. कुणीही, कितीही काळजीने चढवली असती तरी ती चेन उतरलीच असती.

रेघेत पाचर सरकवून मी आत उजेड पाडला. तडा आजचा असता तर आतला धातू चकचकीत दिसला असता. हा आतपर्यंत तांबडा होता. आणि वेल्डिंग कुणी केले होते हे मला पक्के आठवत होते. त्या उन्हाळ्यात रात्री बारा-बारापर्यंत पार्किंगमध्ये निळा उजेड चमके, आणि चिरंजीव ते यंत्र दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत.

फोन बादलीवर तसाच होता. "सापडलं का, बाबा?"

जोड सुटलाय एवढेच म्हणून मोकळे होता आले असते. मी फोटो काढून पाठवला, आणि गंजाचेही सांगितले. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही.

"त्याचा नंबर असेल का तुमच्याकडे?"

माझ्याकडे नव्हता. सौ.कडे होता. दर दिवाळीला ती त्याच्या आईला फोन करते, हे मला त्या दिवशी समजले.

दोघे काय बोलले ते मी विचारले नाही. रविवारी सकाळी छोटा टेम्पो फाटकाशी थांबला. भोसरीला त्याची आता फॅब्रिकेशनची शेड आहे. वेल्डिंगचे यंत्र तो बरोबरच घेऊन आला होता. मी रात्रभर जुळवलेले वाक्य बोलायला तोंड उघडले, तोवर तो गाडीखाली शिरलाही होता.

"काका, जोडाचं एवढं नाही," तो आतून म्हणाला. "पट्टीच पातळ आहे. जाड घ्यायची होती, पण वर्गणी कमी पडली. सगळ्यांनी मिळूनच ठरवलं होतं."

सहापैकी पाच घरांतून वर्गणी आली होती. सहाव्या घरच्या वडिलांनी 'असल्या खेळण्यांना माझ्याकडे पैसे नाहीत' असे सांगितले होते. ते त्याला ठाऊक असणार. तो काही बोलला नाही. त्याने टेम्पोतून जाड पट्टी काढली, मापून कापली आणि काळा चष्मा चढवला.

"तुम्ही इकडे बघू नका, काका. डोळ्यांना त्रास होतो."

मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. निळा उजेड भिंतीवर लखलखत होता, त्यात माझी सावली येत-जात होती. सौ. चहा घेऊन जिना उतरत होती. तिने दोन कप आणले होते, आणि त्यातला मोठा त्याच्यासाठी होता.