बारा शब्द आणि त्यांचे वाचन

पाठचिकित्सा शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना एक गोष्ट वारंवार सांगतो : हाती आलेली पोथी म्हणजे ग्रंथ नव्हे; ती वाचण्याची रीतही तिच्यासोबत यावी लागते. महानुभावांची सकळ लिपी हे त्याचे ठळक उदाहरण. चक्रधरांचे पैठण आमच्याच जिल्ह्यातले. त्यांच्या पंथाचे ग्रंथ होते मराठीतच. पण सांकेतिक लिपीत बद्ध झाल्यामुळे शतकानुशतके पंथाबाहेरच्यांना ते मुके राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी लिपीची उकल केली आणि मराठी गद्याचा आरंभकाळ अभ्यासकांपुढे खुला होऊ लागला.

ही गोष्ट आम्हांला अलीकडे एका अगदी निराळ्या कागदापुढे आठवली. एका सहकाऱ्याच्या दिवंगत धाकट्या भावाच्या वहीत बारा इंग्रजी शब्द क्रमांक घालून लिहिलेले सापडले. ना क्रियापद, ना अन्वय. शब्दांचे कोडे म्हणून ते भाषेच्या शिक्षकांकडे आले. ती होती २०१६ साली उघडलेल्या बिटकॉइन वॉलेटची राखण-प्रत. मूळ फोन केव्हाच निकामी झाला होता. वहिनींना मुलीच्या शिक्षणासाठी ते धन नव्या प्रणालीत आणायचे होते.

बीआयपी-३९ या २०१३ च्या संकेतानुसार असे शब्द २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून येतात. अशा याद्या इंग्रजी, जपानी, झेक इत्यादी भाषांत आहेत. अधिकृत याद्यांत मराठी नाही, हिंदीही नाही. शब्दांचा क्रम म्हणजे एक प्रचंड संख्या; शेवटच्या शब्दात पडताळ्याचा अंशही दडलेला असतो. त्यामुळे एखादा शब्द चुकला तर ते बहुधा लगेच कळते.

आम्ही इंटरनेट तोडलेल्या संगणकावर एका प्रणालीत ते शब्द भरले आणि तिने दिलेले पत्ते तेवढे सार्वजनिक खतावणीत तपासले. शब्द बरोबर, पडताळा बरोबर, शिल्लक शून्य. कोणीतरी सारे काढून नेले, असेच वहिनींना वाटले.

वस्तुतः काहीच गेले नव्हते. बीजापासून पत्त्यांपर्यंत जाण्याचे मार्ग एकाहून अधिक आहेत. ४४ क्रमांकाच्या मार्गाने गेल्यास बिटकॉइनचे पत्ते '१' ने सुरू होतात, ४९ च्या मार्गाने '३' ने, तर ८४ च्या मार्गाने 'बीसी१' ने. नव्या प्रणालीने तिचा रूढ मार्ग धरला होता. जुने धन जुन्या मार्गावर होते. मार्ग बदलताच '१' ने सुरू होणारा पत्ता आला आणि रक्कम दिसली. शब्द तेच; वाचन बदलले.

'इलेक्ट्रम' या जुन्या प्रणालीच्या कर्त्यांचा बीआयपी-३९ वर नेमका हाच आक्षेप आहे : हे शब्द स्वतःला कसे वाचावे ते सांगत नाहीत. त्यांनी आपल्या शब्दांतच आवृत्तीची खूण गुंफली. पण म्हणूनच बहुतेक इतर प्रणालींना ते शब्द वाचता येत नाहीत. परंपरा दोन झाल्या की पाठ शुद्ध असूनही अर्थ हरवतो, हे आपल्याला नवे नाही.

शब्दांना जोडून स्वतःचे गुप्तवाक्यही ठेवता येते. ते देवनागरीत ठेवण्याचा मोह मराठी माणसाला होईल, म्हणून एक इशारा. 'किनाऱ्यावर' या शब्दातला 'ऱ्य' युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो : स्वतंत्र 'ऱ' घेऊन, किंवा साधा 'र' घेऊन त्याच्या हलन्तापुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून. डोळ्यांना दोन्ही सारखे. यंत्राला ते दोन शब्द. बीआयपी-३९ मधील प्रमाणीकरणही हा भेद मिटवत नाही. शिवाय येथे कोणतेही गुप्तवाक्य 'चूक' ठरत नाही. प्रत्येक वाक्य एक वेगळे वॉलेट उघडते, आणि ते रिकामे असते. पाठभेदाला इतकी कठोर शिक्षा आमच्या माहितीत दुसरीकडे नाही.

मग माणसे सगळे नीट लिहून का ठेवत नाहीत? भीतीपोटी, आणि ती भीती अनाठायी नाही. मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी दोघा तज्ज्ञांना अटक केली. त्यांनी २०१८ साली बिटकॉइन-फसवणुकीच्या तपासात पोलिसांनाच साहाय्य केले होते. आरोप असा, की आरोपींच्या वॉलेटांतले चलन त्यांनी परस्पर वळवले. किल्ली ज्याच्या नजरेस पडते, त्याच्या हाती धन जाते.

परंतु गुप्त ठेवायचे असतात ते शब्द आणि गुप्तवाक्य. वाचनाची रीत नव्हे. जुने लेखनिक पोथीच्या अखेरीस पुष्पिका लिहीत : शक, स्थळ, लिहिणाऱ्याचे नाव. या कागदांनाही तशी पुष्पिका हवी. कोणती प्रणाली, कोणते वर्ष, कोणता मार्ग, आणि गुप्तवाक्य आहे की नाही, एवढ्या चार ओळी वेगळ्या कागदावर घरच्यांना सापडतील अशा ठेवाव्यात. त्या चोराच्या हाती लागल्या तरी त्याला धन मिळत नाही. त्या नसल्या, तर वारसांच्या हाती बाराही शब्द असून धन असल्याचेच त्यांना कळत नाही.