हनोई : थांबू नका, धावू नका!

आमच्या पोशीरच्या नाक्यावर दिवसभरात जेवढ्या दुचाकी जातात, तेवढ्या हनोईच्या ओल्ड क्वार्टरमध्ये एका मिनिटात अंगावर येतात. पाठीवर सॅक, पोटात गोळा आणि रस्ता ओलांडायचाय! पहिल्या संध्याकाळी मी दहा मिनिटं कडेलाच उभा. शेवटी खांद्यावर कावड घेतलेली एक आजी शांतपणे उतरली, मी तिच्या मागे. फंडा कळला : एकाच संथ वेगाने चालत राहायचं. स्कूटरवाले तुमचा वेग जोखून बाजूने निघतात. थबकलात किंवा पळालात, की त्यांचा अंदाज चुकतो. बस-कारला मात्र आधी जाऊ द्या, तिथे हिरोगिरी नको.

गल्ल्यांची नावं उलगडली, की निम्मी भीती पळते. 'हांग' म्हणजे माल. हांग बाक चांदीची, हांग मा कागदी वस्तूंची; म्हणजे आपल्या पुण्यातल्या तांबट आळीसारखंच. हांग दुओंग साखरेची, पण आता तिथे कपडेही मिळतात!

पैसे देताना शून्यं मोजा. २०,००० आणि ५,००,००० डाँग, दोन्ही नोटा निळ्याच. दमलात तर अंड्याची कॉफी घ्या. १९४६च्या दूधटंचाईत दुधाऐवजी फेटलेलं बलक घालून ती जन्मली. नाक मुरडू नका, चव जवळपास कस्टर्डची.

आणि जमलं तर शुक्रवारी पोहोचा. संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत होआन किएम तळ्याभोवतीचे रस्ते वाहनांना बंद असतात.