आतला एक्सपी

संगणक एखादी फाइल ‘मिसिंग’ आहे म्हणाला, तर त्याच्यावर लगेच विश्वास ठेवू नये, असं माझं मत होत चाललं आहे. त्याला म्हणायचं असतं एवढंच, की मी जिथे बघितलं तिथे ती नव्हती. कुठे बघितलं, तिथेच का बघितलं, हे तो सांगत नाही. आणि आपणही विचारत नाही. थेट ‘गेली’ म्हणून कपाळाला हात लावतो.

वारूळवाडी नारायणगावाला इतकी चिकटून आहे, की पाहुण्याला हद्द दाखवता येत नाही. इथे मी डीटीपीचं काम करतो. लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल आणि पाडव्यानंतर जत्रांच्या पत्रिका. नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे कारभारी सुपारी द्यायला येतात आणि त्यातले काही जाता जाता माझ्याकडे डोकावतात. ‘मागच्या सालचीच काढा, फक्त तारीख बदला,’ असं सगळेच म्हणतात. ते कधी खरं नसतं. तारखेबरोबर फडाचं नाव बदलतं, देणगीदारांचा क्रम बदलतो आणि एखाद्या नावापुढे ‘कै.’ लागतं. पण सुरुवात मागच्या फाइलपासूनच करायची असते, आणि ती फाइल पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये असते.

पेजमेकरची शेवटची आवृत्ती 2001 मधली. माझ्याकडे ती ज्यावर चालते ते विंडोज एक्सपीही त्याच वर्षीचं; त्याचा अधिकृत आधार 8 एप्रिल 2014 ला बंद झाला. आजच्या संगणकावर एक्सपी सरळ चढत नाही. म्हणून नव्या संगणकाच्या पोटात एक खोटा संगणक उभा करायचा, व्हर्च्युअल मशीन, आणि त्यात एक्सपी टाकायचं. आमच्याकडे त्याला नुसतं ‘आतला एक्सपी’ म्हणतात. बाहेरून पाहिलं तर त्याची अख्खी हार्ड डिस्क म्हणजे एक भलीमोठी फाइल. आतल्याला मात्र आपण खरेच आहोत असं वाटतं. त्याला त्याचा प्रिंटर दिसतो, त्याचा सी ड्राइव्ह दिसतो, बाहेर किती वर्षं उलटली याचा पत्ता नसतो.

हे मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवली आणि आतल्या एक्सपीने काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत सांगितलं, ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’. एनटीएलडीआर म्हणजे एनटी लोडर. एक्सपी जागं होताना आधी हीच फाइल चालते, बाकीच्यांना तीच उठवते. दुरुस्तीला येणाऱ्या पोरांचं यावर एकच औषध असतं: ‘एक्सपी परत टाकू.’ याला माझा सक्त विरोध आहे. घाईत परत टाकताना चुकीच्या डिस्कवर हात पडला तर जे हरवलेलं नाही तेही जातं. आधी ती मोठी फाइल जशीच्या तशी दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवायची. मग शोध.

शोध सेटिंगमध्येच संपला. माझ्या आतल्या संगणकाला दोन डिस्क होत्या. एकीवर एक्सपी, दुसरीवर त्याआधीच्या एका संगणकाचा सगळा डेटा उचलून ठेवलेला. नव्या आवृत्तीत दोघींचा क्रम उलटा लागला होता. मशीन आधी डेटाच्या डिस्ककडे जात होतं, तिथे लोडर शोधत होतं आणि नाही म्हणून हात वर करत होतं. लोडर शेजारच्या डिस्कवर शाबूत. क्रम बदलला आणि एक्सपीचं ते हिरवं माळरान, निळं आभाळ पडद्यावर आलं. एक्सपीवर काम करणाऱ्यांत ‘एचएएल डॉट डीएलएल’चीही अशीच ख्याती होती. पडदा त्या फाइलचं नाव घ्यायचा आणि ती बहुधा निर्दोष असायची. विंडोज कोणत्या डिस्कवर, कोणत्या भागात आहे हे लिहून ठेवणारी ‘बूट डॉट आयएनआय’ नावाची चिमुकली फाइल चुकीचा पत्ता देत असायची.

पत्त्याचं म्हणाल तर शेजारचा तालुका बघा. आंबेगाव तालुका ज्या गावाच्या नावाने ओळखला जातो ते गाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. कचेरी घोडेगावला. तरी सात-बाऱ्यावर, एसटीच्या पाटीवर, दाखल्यावर आंबेगाव चालूच आहे. सगळ्यांना ठाऊक असतं की नाव इथलं आणि गाठायचं ठिकाण तिथलं, म्हणून काम अडत नाही. संगणकाला हे कुणी सांगितलेलं नसतं.

एक्सपी उठलं, पण पत्रिका उघडली तर मजकुराच्या जागी रोमन अक्षरं, डॉलरची चिन्हं आणि कंस. ही गोष्ट त्या लोडरपेक्षा जास्त बोलण्यासारखी आहे. आमचे जुने मराठी फाँट लॉकवर चालतात. यूएसबीला लावायचा अंगठ्याएवढा तुकडा. तो दिसला नाही तर फाँट उघडत नाहीत. बाहेर लावलेला लॉक आतल्या मशीनला दाखवायला माझ्या सॉफ्टवेअरला वेगळा जोडभाग लागत होता आणि तो मुख्य सॉफ्टवेअरच्याच आवृत्तीचा असावा लागत होता. मुख्य नवा, जोडभाग जुना, म्हणून लॉक अदृश्य. जोडभाग बदलला, लॉक दिसला, देवाचं नाव देवनागरीत आलं.

पण मुळात फाइलमध्ये देवनागरी नव्हतीच. त्या काळी प्रत्येक फाँट कंपनीने इंग्रजी अक्षरांच्या जागांवर आपापल्या सोयीने मराठीचे तुकडे बसवले होते. कुठे अर्धा स, कुठे रफार, कुठे नुसती काना-मात्रा. फाइलमध्ये साठतात ते इंग्रजी अक्षरांचे आकडे. मराठी दिसते ती फाँटमुळे. युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 ची आणि देवनागरी तिच्यात होती. र. कृ. जोशींनी घडवलेला ‘मंगल’ फाँट विंडोज 2000 बरोबर आला. म्हणजे रस्ता होता. पेजमेकरला युनिकोड कळत नव्हतं आणि छपाईचा धंदा पेजमेकरवर उभा होता, म्हणून आम्ही त्या रस्त्याला लागलो नाही. जुन्या फाँटची जोडाक्षरं कागदावर देखणी उतरत, हेही खरं. त्या वर्षांतली किती पुस्तकं, दिवाळी अंक, गावांच्या स्मरणिका अशा फाइलींत आहेत! त्यांतलं अक्षरही हललेलं नाही, पण वाचायला फाँट हवा, फाँटला लॉक हवा, लॉकला एक्सपी हवं, एक्सपीला ते खोटं मशीन हवं. मधली कुठलीही कडी सुटली की मराठीचा डॉलर होतो.

या कड्या एकाच वेळी बदलू नयेत, याचा धडा नारायणगावहून खोडदला गेलं की समोर उभा आहे. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. तिचं मोठं अद्ययावतीकरण 2019 च्या सुमारास पूर्ण झालं. एका वेळी ऐकू येणारा पट्टा 32 मेगाहर्ट्‌झचा होता, तो 400 पर्यंत नेला. आणि हे करताना जुनी यंत्रणा उपटून टाकली नाही. नवी तिच्या शेजारी उभी केली, निरीक्षणं चालू ठेवली. मोठ्या संस्थेला ते परवडतं, हे कबूल. पण दुसऱ्या डिस्कवर एक प्रत आणि जुन्या आवृत्तीचा एक इन्स्टॉलर जपून ठेवणं दुकानालाही परवडतं.

सध्या फावल्या वेळात मी जत्रांच्या पत्रिका युनिकोडमध्ये आणतो आहे. कन्व्हर्टर बरंच काम करतो, पण ‘कारभाऱ्यां’मधला र हमखास मोडतो आणि आडनावांत तो चुकला की भांडण माझ्या दारात येतं. म्हणून जुनी छापील पत्रिका शेजारी ठेवून नाव न नाव ताडून बघावं लागतं. कारभारी ती घरून घेऊन येतात. देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवलेली असते, वरच्या कोपऱ्यात भोक, कुंकवाचं बोट लागलेलं. तिच्यावरून वाचायला लॉक लागत नाही.