नजरेच्या टप्प्यात

मासे पकडणं हा आपल्याकडे दोन तऱ्हेच्या लोकांचा उद्योग समजला जातो. ज्यांचं त्यावर पोट आहे ते, आणि ज्यांना दुसरं काही काम नाही ते. आम्ही चौघे दुसऱ्या वर्गात मोडतो. चौघांनीही साठी ओलांडलेली. त्यातून आम्ही पकडलेला मासा परत पाण्यात सोडणारे! ‘मग गेलात कशाला एवढ्या लांब?’ हा प्रश्न चारही घरांत विचारून झाला आहे. त्याचं उत्तर जरा सविस्तर द्यावं म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही मूळचे चिपळूणचे, एका वर्गातले. एक लष्करातून निवृत्त झालेला डॉक्टर, एक हायस्कुलातला मास्तर, एक हार्डवेअरचा दुकानदार (त्याला आम्ही शाळेपासून शेठच म्हणतो) आणि सरकारी कचेरीत फायली सरकवून पुण्यात स्थायिक झालेला मी. लहानपणी वाशिष्ठीच्या काठी आम्ही गरवायला जात असू. कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, गरवणं म्हणजे गरी टाकून मासे धरणं. गळाला गांडूळ किंवा कोलंबीचा तुकडा लावायचा, शिशाचा तुकडा बांधून दोरी भिरकावायची आणि काठावर बसून राहायचं. संध्याकाळी दोन-चार मासे मिळाले की आई खूश, नाही मिळाले तर गृहपाठाची आठवण व्हायची.

‘फ्लाय फिशिंग’ हे प्रकरण डॉक्टरने आणलं. हिमाचलात बदली असताना तो ते शिकला आणि २०१८ मध्ये आम्हा तिघांना तिकडे ओढून घेऊन गेला. फ्लाय म्हणजे माशी. ही माशी खोटी असते. बारीक गळावर दोरा, पीस, लोकर गुंडाळून ती बनवतात. तिला वजन जवळजवळ नसतंच, म्हणून वजन दोरीत ठेवलेलं असतं. काठीने ती दोरी मागे उडवायची, पाठीमागे सरळ होईपर्यंत क्षणभर थांबायचं आणि मग पुढे सोडायची. माशी पाण्यावर अशी अलगद उतरली पाहिजे, की माशाला वाटावं, झाडावरून किडाच पडला. सगळी विद्या त्या क्षणभर थांबण्यात आहे. शेठला ती पहिल्या दिवशी जमली, मास्तरला चौथ्या दिवशी. माझा सराव अजून चालू आहे!

आमची नदी म्हणजे हिमाचलच्या कुलू जिल्ह्यातली तीर्थन. मनालीच्या रस्त्यावर औटला उतरायचं, तिथून बंजार आणि पुढे नदीच्या काठाकाठाने नागिनी, गुशैनी. २०१४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या डोंगरांतून ती खाली येते. काठावर आल्डरची झाडं इतकी वाकलेली, की भर दुपारीही अर्ध्या पात्रावर सावली असते. ऑक्टोबरात पावसाचा गढूळपणा गेलेला असतो. मांडीएवढ्या पाण्यातही तळाचा एकेक गोटा मोजून घ्यावा.

ही सावली नुसती डोळ्यांना सुख देत नाही. इथला ट्राउट मासा थंड पाण्याचा. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. पाणी वीस अंशांच्या वर तापू लागलं, की त्याचा जीव कासावीस होतो. झाडं पाणी गार ठेवतात आणि वर त्यांच्यावरून किडे पडतात ते वेगळे. म्हणजे छप्परही तेच आणि खानावळही तीच. हा मासा मात्र मूळचा आपला नव्हे. १९०० साली त्याची अंडी स्कॉटलंडहून काश्मिरात पोचली आणि १९०९ मध्ये काश्मीरहून कुलूत आली. साहेब गेला, ट्राउट राहिला.

हा मासा काठावर बसून मिळत नाही. पाण्यात उतरावं लागतं. ट्राउट नेहमी प्रवाहाकडे तोंड करून, एखाद्या मोठ्या दगडाच्या आडोशाला उभा असतो आणि वरून वाहत येणारं खाणं टिपतो. त्यामुळे आपण खालून वर, त्याच्या पाठीमागून, प्रवाहाविरुद्ध चालत जायचं. चालायचं तेही पाय न उचलता, सरकवत. हातात दणकट काठी. एक पाय घट्ट रोवल्याशिवाय दुसरा हलवायचा नाही. जोराच्या पाण्यात गुडघ्याच्या वर जायचं नाही. तोल गेलाच तर पाठीवर पडून पाय प्रवाहाच्या दिशेला ठेवायचे, म्हणजे दगड पायांना लागतात, डोक्याला नाही.

डॉक्टरचे याखेरीज दोन नियम आहेत आणि ते लष्करी आहेत. पहिला, प्रत्येकाने दुसऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात राहायचं. हाकेच्या अंतराचा इथे उपयोग नाही, कारण नदीच्या आवाजात हाक दहा पावलांवर विरून जाते. काठी उभी धरून हलवली, की सगळ्यांनी हातातलं सोडून तिकडे जायचं. दुसरा, नदी एकट्याने ओलांडायची नाही.

पाण्याची धास्ती आम्हा चिपळूणकरांना शिकवावी लागत नाही. कोयनेचं पाणी पोफळीला वीज तयार करून वाशिष्ठीतच येतं. त्यामुळे पाऊस नसतानाही नदी वाढते, हे आम्ही चड्डीत असल्यापासून जाणतो. तीर्थन पुढे लारजीला बियासला मिळते. त्या लारजीच्या धरणातून ८ जून २०१४ रोजी सोडलेल्या पाण्यात, खाली थलौटजवळ पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ इंजिनिअरिंगचे विद्यार्थी वाहून गेले. पोरं फोटो काढत होती. धरणाच्या खालच्या अंगाला नदी कितीही शांत दिसो, पात्रात उतरू नये, हे प्रत्येक आईबापाने सहलीला निघालेल्या मुलांच्या कानी घालावं. तीर्थनवरही छोटे वीजप्रकल्प आखले गेले होते. खोऱ्यातल्या लोकांनी त्यांना विरोध केला आणि नदी मोकळी राहिली. म्हणूनच आम्ही तिच्यात उतरतो. तरीही वर डोंगरात ढग काळवंडले, की डॉक्टर सगळ्यांना बाहेर काढतो.

२०१८ आणि २०१९ ची वारी छान झाली. पुढे करोनाने सगळंच थांबवलं. आणि मग २२ जुलै २०२१ च्या पहाटे चिपळुणात पूर आला. बाजारपेठेतलं शेठचं दुकान बुडालं. खिळे, तारा, रंगाचे डबे, मोटारी, सगळ्याचा चिखल झाला. त्याआधी त्याने एका पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं आणि त्याला मास्तर जामीन होता. हप्ते थकले. एके दिवशी मास्तरच्या घरी नोटीस आली. उभ्या आयुष्यात ज्या माणसाने वाण्याची उधारी ठेवली नाही, त्याच्या दारात वसुलीवाले आले. वहिनींनी चार दिवस धड अन्न घेतलं नाही.

शेठने गावाबाहेरचा प्लॉट विकून पै न् पै फेडली. मास्तरचा एक रुपयाही गेला नाही. पण दोघांतलं बोलणं गेलं. एकाच गावात, एकाच मंडईत भाजी घेणारे पन्नास वर्षांचे मित्र समोरून आले, की रस्ता बदलू लागले. आम्ही दोघांनी मध्यस्थी करून पाहिली. मास्तर म्हणायचा, ‘माझं काही म्हणणं नाही.’ शेठ म्हणायचा, ‘मी फेडलंय ना?’ यावर तिसऱ्याने काय बोलावं?

२०२४ च्या ऑक्टोबरात डॉक्टरने चौघांची तिकिटं काढली आणि प्रत्येकाला सरळ सांगितलं, ‘तो येणार आहे. तुला यायचं तर ये.’ दोघेही आले. चिपळूण ते गुशैनी एवढ्या प्रवासात एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत. पहिले दोन दिवस एक वरच्या डोहाशी, दुसरा खालच्या. नियमाप्रमाणे नजरेच्या टप्प्यात मात्र होते. मी मधे उभा होतो. मास्तर दर पाच मिनिटांनी मान वळवून खाली पाही आणि शेठची टोपी दिसली, की पुन्हा दोरी उडवी. ‘नियम आहे’ असं त्याचं म्हणणं पडलं असतं, म्हणून मी काही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी पलीकडच्या काठाला जायचं होतं. चौघांनी मिळून ओलांडायची तर एकामागे एक, रांगेत. सर्वांत वजनदार माणूस वरच्या बाजूला, प्रवाह अंगावर घेणारा. सडपातळ माणूस त्याच्या पाठीशी, आडोशाला. मागच्याने पुढच्याला धरायचं. आमच्यात वजनदार शेठ आणि सडपातळ मास्तर. डॉक्टरने नुसतं बोटाने क्रम दाखवला. मास्तरच्या मागे मी आणि शेवटी डॉक्टर.

मास्तरने बिचकत शेठच्या खांद्यावर हात ठेवला. शेठ पुढेच पाहत म्हणाला, ‘खांदा नको. पट्टा धर, निसटणार नाही.’

तीन वर्षांतलं ते पहिलं वाक्य.

‘धरलाय,’ मास्तर म्हणाला.

मध्यावर मास्तरचा पाय शेवाळी दगडावरून सटकला. मला त्याचं सगळं वजन खाली जाताना जाणवलं. शेठ हलला नाही. काठीवर दोन्ही हातांनी रेलून तो तसाच उभा राहिला, मास्तरचा पाय पुन्हा ठरेपर्यंत. ‘सावकाश,’ एवढंच म्हणाला. पलीकडे पोचल्यावर चौघे बुटांतले खडे काढत बसलो. शेठच्या मांड्या थरथरत होत्या. मास्तरने थर्मासमधला चहा ओतून आधी त्याच्यापुढे धरला.

त्या रात्री जेवणानंतर शेठ आपणहून बोलायला लागला. पुराच्या पहाटे छातीएवढ्या पाण्यात तो दुकानात उभा होता. माल माळ्यावर चढवत होता, तोवर बाहेरून लोकांनी ओरडून त्याला बाहेर काढलं. ‘आज मध्यावर तेच पाणी आठवलं,’ तो म्हणाला. मास्तर बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘हे मला कधी सांगितलं नाहीस.’

‘तू विचारलं नाहीस.’

‘नोटीस आली होती रे दारात.’

‘ठाऊक आहे. तोंड दाखवायची लाज वाटत होती.’

डॉक्टर आणि मी उठून बाहेर गेलो. थंडी मरणाची होती, पण पाऊण तास बाहेर काढला.

दुसऱ्या दिवशी मास्तरला वीतभर लांबीचा ट्राउट लागला. अंगावर तांबडे ठिपके, जणू हळदीवर कुंकू शिंपडलेलं. त्याला धरण्याआधी हात ओले करायचे, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग जडतो. गळाला उलटा काटाही आम्ही ठेवत नाही. पकडीने दाबून टाकतो, म्हणजे गळ सहज सुटतो. मास्तरने मासा प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरला. शेपटी हलली, हात सैल केला, मासा गेला. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात देवीचे म्हणून मासे कुणी धरत नाही, उलट त्यांना खाऊ घालतात. तीच आपली जुनी रीत आम्ही इथे पाळतो, असं मी घरी सांगतो. घरी ते पटलेलं नाही.

कुणाला जावंसं वाटलं तर सांगून ठेवतो. मत्स्यखात्याचा परवाना घ्यावा लागतो आणि १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटच्या पाण्यात बंदी असते. तो त्यांचा अंडी घालण्याचा काळ. पोहता येत असलं तरी एकटं उतरू नये आणि सोबत असा माणूस न्यावा, जो मासा लागलेला असतानाही मान वळवून आपल्याकडे बघेल.

२०२५ च्या मार्चमध्ये, बंदी उठताच, आम्ही पुन्हा गेलो. तिकिटं शेठने काढली. मास्तरने त्याच्या वाटणीचे पैसे विचारले, तेव्हा शेठ म्हणाला, ‘बघू नंतर.’ मास्तरने पुन्हा विचारलं नाही. तो हिशेब अजून तसाच आहे.